सोळावा ठोंब

मार्गशीर्ष लागला की माझा उजवा अंगठा दुखायला लागतो. डॉक्टर म्हणतात, वय झालं. मी म्हणते, वय झालंय हे कबूल, पण बाकीची नऊ बोटंही त्याच दिवशी जन्मली, ती का नाही दुखत? खरं कारण मला ठाऊक आहे. सव्वीस-सत्तावीस वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात या एकट्या अंगठ्यानं काचेच्या इवल्याशा चकत्या दाबत अख्खा मोसम काढला. ते काम कधीच संपलं, पण थंडी पडली की अंगठा अजून हजेरी लावतो.

आमच्या सोलापूरची थंडी म्हणजे तरी काय! सकाळी आठपर्यंत कानटोपी आणि दहा वाजता कपाळाला घाम. पण त्या दोन-तीन तासांत हवेला एक कोरडा, करकरीत वास असतो. शाळूच्या पानांचा, कुठंतरी भाजत असलेल्या शेंगांचा. माझ्या नाकाला त्यात आणखी एक वास येतो, आंबट, व्हिनेगरसारखा. तो हवेत नसतो, त्या हिवाळ्यातून येतो.

यंदा हे सगळं सुरू झालं ते इरण्णामुळं. इरण्णा आमचा गवळी. शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीच्या टोकाला त्याचा गोठा आहे. रोज सकाळी तो खेड्याकडून मोटरसायकलवर हिरव्या वैरणीचा भारा बांधून आणतो. त्या दिवशी स्वारी तापलेली होती.

"बगा की बाई, म्हातारीनं तुरं आलेलं गवत दिलंय. म्हशी तोंड तरी लावतील का ह्याला?"

भाऱ्यातून हत्ती गवताचे पिवळसर, केसाळ तुरे डोकावत होते. मी एक तुरा ओढून घेतला, तळव्यावर चोळला आणि फुंकर मारली. ही माझी जुनी खोड आहे. हे गवत कुठंही फुललेलं दिसलं की मी तुरा चोळते, फुंकते, तळवा रिकामा होतो, मी पुढं जाते. इतकी वर्षं हेच चाललंय. त्या सकाळी मात्र फुंकर मारल्यावर तळव्यावर काहीतरी उरलं. मी चष्मा लावून आले. चार दाणे होते. राखाडी, मोहरीहून बारीक, पण भरलेले.

"इरण्णा, हे कुठनं आणलंस?"

"अक्कलकोट रस्त्याला. निलव्वा म्हनून हाय एक म्हातारी, तिच्या बांधावरनं. का ओ?"

मी तशीच पायरीवर बसले. बिचारा इरण्णा घाबरला, पाणी आणू का म्हणाला.

आता चार दाण्यांसाठी एखादी शहाणी बाई पायरीवर का बसेल, हे सांगायला हवं. हे गवत म्हणजे संकर. आई बाजरी, बाप हत्ती गवत. लेकरू आईसारखं मऊ आणि बापासारखं दांडगं, म्हणून जनावरांचं लाडकं. पण त्याला बी धरत नाही. तुरा येतो, डौलात डोलतो, आणि आत सगळं फोल. म्हणून ते उसासारखं कांडी पुरून लावतात, नाहीतर ठोंब फोडून. एकाच्या बांधावरून दुसऱ्याच्या बांधावर, असं हातोहात ते सगळीकडं पसरलंय.

बी का धरत नाही, तेच बघायला मी त्या हिवाळ्यात बसले होते. शहराबाहेरच्या एका संशोधन प्रक्षेत्रावर चाऱ्याच्या पिकांची योजना होती आणि मी तिथं पीएच.डी. करत होते. प्रत्येक पेशीत वंशाचे धागे असतात, गुणसूत्रं. बाजरीत चौदा, हत्ती गवतात अठ्ठावीस. दोघांनी अर्धी अर्धी दिली की लेकराच्या वाट्याला एकवीस येतात. पुढं फुलात पराग तयार व्हायच्या आधी या धाग्यांना आपापला जोडीदार शोधून शेजारी उभं राहावं लागतं. आईच्या सातांना बापाच्या चौदांतले सात ओळखीचे निघतात. बाजरीचा धागा मोठा, हत्ती गवताचा लहान, त्यामुळं या जोड्या म्हणजे उंच नवरी आणि ठेंगणा नवरदेव. तरी जोडी जमते. उरलेल्या सातांना मात्र कुणीच ओळखीचं भेटत नाही. ते पेशीत इकडंतिकडं भरकटतात आणि त्यांच्यापायी सगळा हिशेब विस्कटतो. पराग पोकळ निघतो.

मी लग्न केलेलं नाही. त्यामुळं ही गोष्ट सांगितली की ऐकणारे त्या सातांपाशी येऊन माझ्याकडं फार मायेनं बघतात. तसलं काही मनात आणू नये. मी चाळीस-चाळीस मुलींच्या तुकड्या शिकवल्या, मला भूक चांगली लागते आणि झोपही. गुणसूत्रांना माणसांना उपदेश करायची हौस नसते, ती माणसांनीच लावून घेतलेली आहे.

त्या सकाळी आठवतात. आठ वाजता प्लॉटवर पोचायचं. पायात सपाता, हातात औषधाच्या बाटल्या. कणीस पोटरीत असतानाच हवं असायचं, म्हणजे वरच्या पानाच्या आवरणातून बाहेर पडण्याआधी. बाहेर दिसलं की उशीर झाला. बोटांनी पोटरी चाचपायची, आतलं कणीस किती भरलंय ते कातडीला कळायचं. मग ते सोलून बाटलीत टाकायचं. बाटलीत तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग आंबट आम्ल. तोच तो वास. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत त्यातला एक परागकोश, तांदळाच्या कणीएवढा, काचेवर लाल रंगाच्या थेंबात चिरडायचा, वर काचेची चकती, स्पिरिटच्या दिव्यावर किंचित ऊब, वर टिपकागद, आणि मग अंगठा. सरळ दाबायचा. जरा तिरका पडला की सगळे धागे एकमेकांत घुसून गोधडीच्या गाठोड्यागत व्हायचे. माझी बोटं कायम लाल. बसमध्ये बायका विचारायच्या, बीट चिरलं का गं?

निलव्वा मावशी तिथं रोजंदारीवर होत्या. अक्कलकोटकडच्या, मराठीत बोलता बोलता कानडीत शिरायच्या आणि आपण शिरलो हे त्यांच्या गावीही नसायचं. चारा कापण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांचा एक नियम होता. तुरा दिसायच्या आत गवत कापायचं. फुललेलं गवत म्हणजे कापणाराची नाचक्की. आणि मला तर फुलायला आलेलंच हवं. आमची पहिली जुंपली ती यावरून.

"म्याडम, ह्ये असं राखून काय करायचं? लाकूड हुतंय की त्याचं."

मग एके दिवशी मी त्यांना प्रयोगशाळेत नेलं आणि सूक्ष्मदर्शकातून दाखवलं. त्यांनी एक डोळा घट्ट मिटला, तोंड उघडं ठेवलं आणि खूप वेळ बघितलं.

"ही जोडीनं हुबी हायत. आन ही सात एकलीच फिरत्यात व्हय?"

"हो ना मावशी."

"गड्ड्याच्या जत्रंत हरवल्यावानी दिसत्यात." मग म्हणाल्या, "ह्यास्नी कुनी भेटायचंच न्हाय का?"

इतकी वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न इतका नेमका कुणी विचारला नाही. कारण माझा सगळा हिवाळा त्याच प्रश्नावर लागलेला होता. एक औषध आहे, ते कोवळ्या कोंबांना लावलं तर कधीकधी पेशीतले धागे दुप्पट होतात. एकवीसचे बेचाळीस. मग त्या सातांनाही प्रत्येकी आपलाच एक जुळा मिळतो. सगळ्यांची जोडी जमते, पराग भरतो, बी धरू शकतं. आणि बी धरणारं गवत म्हणजे पुढच्या सगळ्या संकरांचं दार उघडलं. मी पुष्कळ कोंबांना औषध लावलं होतं. बहुतेक मेले. काही जगले पण जसेच्या तसे राहिले. ज्याच्यावर आशा ठेवावी असा एकच उरला होता, वीस ठोंबांच्या ओळीतला सोळावा. मार्चमध्ये योजना संपणार होती आणि तो तुकडा नांगरला जाणार होता. म्हणजे सोळावा खरंच दुप्पट झालाय की नाही हे सांगायला माझ्या हातात तो एकच फुलोरा होता. आमचे सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, कमी बोलायचे. "मोजा, मग बोला," एवढंच त्यांचं म्हणणं असायचं.

मी निलव्वा मावशींना बजावून सांगितलं. या ओळीतला सोळावा कापायचा नाही. बाकीचे कापा, पण सोळाव्याला हात लावायचा नाही. त्या म्हणाल्या, "व्हय की."

वेळ अमावस्येच्या आदल्या दिवशी मी प्लॉटवर गेले तर सोळाव्या ठोंबाच्या जागी वीतभर धसकटं. आणि पाचवा ठोंब उभा, त्याच्याभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, शेजारी ओलं आळं. एखाद्या तुळशीसारखी त्याची बडदास्त ठेवलेली.

मी मोजलं होतं रस्त्याकडून. फाटकातून आत आलं की पहिला तो पहिला. मावशींनी मोजलं होतं विहिरीकडून. ज्या बाईनं जन्मभर पाण्याची दारं धरली, तिच्या लेखी ओळ पाणी शिरतं तिथं सुरू होते. त्यांचा सोळावा तो माझा पाचवा. त्यांनी जीव लावून एक साधा ठोंब राखला आणि माझा सोळावा म्हशीसाठी घरी नेला.

"गवत कुठं आहे?" मी विचारलं.

"म्हशीनं खाल्लं की."

आणि मग मी बोलले. चार माणसांदेखत, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान असलेली मी म्हणाले, "तुम्हाला साधं मोजताही येत नाही का?" त्यांचा चेहरा मला आठवतो. त्यांनी पदर खोचला आणि बाकीच्या बायकांकडं निघून गेल्या. सोळाव्याच्या धसकटात बुडाशी एक आखूड फुटवा विळ्यातून सुटला होता, त्याची पोटरी मी सोलून बाटलीत टाकली आणि तशीच रागात घरी आले.

पुढचं सगळं माझंच. फुटवा कोवळा होता, बहुतेक पेशींमध्ये अजून काही सुरूच झालं नव्हतं. कितीतरी काचा गेल्या, अंगठा सुजला. भवानी पेठेतून आमची प्रयोगशाळेची बस जायची, तिथल्या मागांची खटखट डोक्यात घेऊन मी यायची आणि त्याच ठेक्यात सुईनं परागकोश ठोकत बसायची. शेवटी एक पेशी मिळाली. एकच, पण लख्ख. एकोणीस जोड्या, आणि एका कोपऱ्यात चौघं एकमेकांना धरून. बेचाळीस. एकही एकटं नाही. मी पुन्हा पुन्हा मोजलं. सरांना बोलावलं. त्यांनीही बराच वेळ बघितलं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"सुंदर आहे," ते म्हणाले. "पण एका पेशीवर काही म्हणता येत नाही."

त्यांचं बरोबर होतं. त्याचाही मला राग आला. तो हिवाळा मी बराचसा रागावण्यात घालवला. वीस दिवस मी प्लॉटकडं फिरकले नाही. गेले तेव्हा विहिरीची मोटर बंद झालेली होती आणि सोळाव्याचं धसकट पार वाळून गेलं होतं. वीस दिवसांत कधीही जाऊन तो ठोंब उपटून कुंडीत लावता आला असता. ही गोष्ट मी माझ्या विद्यार्थिनींना कधी सांगितली नाही. प्रबंध झाला, साध्या संकरांच्या सात जोड्या आणि सात एकट्यांवर. पदवी मिळाली, नोकरी मिळाली. सोळाव्यावर प्रबंधात एकच ओळ आहे, "केवळ एक पेशी आढळली". निलव्वा मावशींशी मात्र मी पुन्हा बोलले नाही. आधी रागानं आणि मग लाजेनं.

तर, पायरीवर बसले ती याच्यासाठी.

इरण्णानं माझी चौकशी तिकडं पोचवली असणार, कारण दोन दिवसांनी दुधाबरोबर निरोप आला. "निलव्वानं सांगितलंय, येळवशीला जेवायला या म्हनून. यायलाच पायजे म्हनाली."

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी आमच्याकडं गावं रिकामी होतात आणि शिवारं भरतात. मी एसटीनं गेले. बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती, सगळ्यांच्या मांडीवर डबे आणि आंबिलीची मडकी. मी कॉलेजच्या दिवसांतली एक बाटली धुऊन पिशवीत घेतली होती. त्यात कणसं टाकायचं तेच आंबट औषध भरलेलं. शेजारच्या बाईनं वास घेऊन विचारलं, "आंबील जास्तच आंबली वाटतं?" मी हो म्हणाले.

निलव्वा मावशी शाळूच्या शेतात कडब्याच्या खोपीशी बसल्या होत्या. वाळून एवढ्याशा झालेल्या, पण आवाज तोच. वाटेत मी काय काय बोलायचं ठरवलं होतं. त्यांनी बोलूच दिलं नाही. "आदी जेवा," म्हणाल्या. पालेभाज्या-कडधान्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, भाकरी, शेंगांची पोळी, वर गार आंबील. शाळूच्या कणसांवरून ऊन सरकत होतं. मी दोनदा भज्जी मागून घेतली. इतक्या सुखात मी बऱ्याच दिवसांत जेवले नव्हते, आणि जिच्याशी आपण वाईट वागलो तिच्या हातचं जेवतोय याची लाजही घासागणिक वाटत होती.

जेवण झाल्यावर त्या उठल्या आणि मला बांधाकडं घेऊन गेल्या. बांधावर एक प्रचंड ठोंब उभा होता. पानं हातभर रुंद नव्हती, पण साध्या गवताहून ठळक रुंद, गडद हिरवी. कांडी अंगठ्याहून जाड.

"ह्ये तुमचं," त्या म्हणाल्या.

मी एक कांडी मुठीत धरून बघितली.

"तवा मी खोटं बोलले. म्हशीला नुस्ता पाला घातला. कांडी लई जाडजूड हुती बाई, तसलं गवत मी कदी बगितलं नव्हतं. म्हशीला घालायला जीव झाला न्हाय. बांधाला पुरली. सकाळी तुमास्नी सांगनार हुते, तर तुमी अशा चिडला... म्हनलं, आता सरकारी गवत चोरलं म्हनून कामावरनं काढत्याल. गप बसले."

मी सूक्ष्मदर्शक लावून जे शोधत होते, ते या बाईनं विळा धरलेल्या हातानं ओळखलं होतं. आणि दरवर्षी तुरा यायच्या आत कापून, इतकी वर्षं जगवलं होतं. मग दोन वर्षांपूर्वी म्हैस विकली. कापायचं कारण उरलं नाही आणि गवताला पहिल्यांदा मनासारखं फुलायला मिळालं.

"मावशी," मी म्हणाले, "त्या दिवशी मी तुम्हाला जे बोलले ते फार वाईट होतं. चूक माझी होती. मला माफ करा."

"जाऊ द्या की. पोरवय हुतं तुमचं." मग त्यांनी डोळे बारीक केले. "पन मोजनी माझी बरूबर हुती. वाफा कुटनं सुरू हुतो? पान्याकडनंच की."

"हो मावशी. बरोबर होती."

त्या एवढ्या खूश झाल्या की त्यांनी माझ्या दंडावर एक चापट मारली. मग खाली पाटाच्या ओल्या कडेकडं बोट केलं. "आन ही बगा. ही मी लावली न्हाईत. आपली आपन आल्यात."

पाटाच्या कडेनं रोपं उभी होती. काही गुडघ्याएवढी, काही कमरेपर्यंत, वेडीवाकडी, कुणी न पेरलेली. तीच रुंद पानं. मी शास्त्राची बाई आहे. सर असते तर म्हणाले असते, मोजा, मग बोला. आणि मी मोजणार आहेच, बाटली पिशवीत आहे, अंगठाही आहे. पण बियाचं रोप काय आणि कांडीचं काय, हे कळायला तेवढ्यापुरती काच लागत नाही. मी चिखलात गुडघे टेकून एका रोपाची मुळं चाचपली. खाली जुनी कांडी नव्हती. बीच होतं ते. माझ्या डोळ्यांना पाणी आलं आणि ते मी लपवलं नाही.

"त्या सातांस्नी भेटलं म्हना की कुनीतरी," मावशी म्हणाल्या. त्यांच्या ते लक्षात होतं.

"किती आहेत ही रोपं?" मी विचारलं.

"मला काय ठावं? मोजायचं काम तुमचं."

मी बांधाच्या रस्त्याकडच्या टोकाला उभी होते. बोट वर केलं होतं, पहिलं रोप समोरच होतं. मग मी बोट खाली घेतलं, चपला हातात घेतल्या, आणि चिखल तुडवत पार विहिरीपर्यंत, पाटाला पाणी सुटतं तिथपर्यंत गेले. मागं मावशी कमरेवर हात ठेवून बघत होत्या. तिथून वळले आणि म्हणाले, "एक."